थांबायला जागा ठेवा

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मनाली-लेह वाटेवरच्या सरचूच्या तंबूत माझा मावसभाऊ उठून बसला आणि बाहेर जायचं म्हणून बूट घालायला लागला. बराच वेळ झाला तरी त्याची लेस बांधून होईना. मी टॉर्च त्याच्या हातांवर धरला. लेसची दोन्ही टोकं त्याच्या बोटांत होती, पण त्यांचं पुढे काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं. मी त्याला उभं केलं आणि सतरंजीच्या कडेकडेने सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला. त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ही थकव्याची लक्षणं नव्हेत एवढं मला कळत होतं.

ही जुलै २०२२ मधली गोष्ट. तो आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या रात्री जे घडलं त्याची तयारी आम्ही पुण्यात बसूनच केली होती. म्हणून हे लिहितोय. डोंगरात गाड्या घेऊन जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपने निघण्याआधी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमचं नियोजन

आम्ही आठ जण, सहा गाड्या. गाड्या रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला पाठवल्या. तिथून मनाली, मनालीहून लेह, मग खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग आणि शेवटी तीन दिवस पाठीवर सॅक घेऊन ट्रेक. रजा अकरा दिवसांची आणि परतीची तिकिटं आधीच काढलेली. तक्त्यात रोजचे किलोमीटर होते, मुक्काम होते, माणशी खर्च होता. एक रकाना मात्र नव्हता, मुक्कामाच्या उंचीचा.

आमचा भरवसा सह्याद्रीवर होता. कळसूबाईला पहाटे चढून दुपारी खाली येणारी, राजगड ते तोरणा एका दमात करणारी आम्ही मंडळी. पण कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचं, आणि मनाली गावच २०५० मीटरवर. म्हणजे आमचा सगळा अनुभव जिथे संपत होता, त्याच्याही वरून हा प्रवास सुरू होणार होता. पायांतली ताकद सह्याद्रीने दिली होती, पण विरळ हवेची सवय तिथे कुणालाच लागत नाही.

शिवाय २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरच्या या बोगद्याने रोहतांगचा घाट टळतो आणि काही तास वाचतात. त्यामुळे मनालीहून निघून पहिल्याच दिवशी सरचू गाठणं आम्हाला सोपं वाटलं. रस्ता जवळ आला होता हे खरं. शरीराला लागणारे दिवस मात्र कुठल्याही बोगद्याने कमी होत नाहीत.

सरचूचा सापळा

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. सरचू ४२९० मीटरवर आहे. तिथे हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून गिर्यारोहणातले जाणकार सांगतात, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. आम्ही एका दिवसात मुक्काम सव्वादोन हजार मीटर वर नेला होता.

आणि सरचूची खरी अडचण नकाशावर चटकन लक्षात येत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय. सरचूहून खाली उतरायला मात्र आधी वर चढावं लागतं. मागे बारालाचा ला, जवळपास ४९०० मीटर. पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, त्यावर नकी ला आणि मग पाच हजारांच्या वरचा लाचुलुंग ला. दोन्ही बाजूंना खिंडी आणि मध्ये आपण. आजारी माणसाला कुठेही न्यायचं तरी आधी वर न्यायचं.

तंबूवाल्याने ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. जवळच्या लष्करी तळावरच्या वैद्यकीय मदतनिसाने भावाला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "उजाडायची वाट पाहू नका. निघा." तंबूवाल्याने जीप काढली. मी आणि आमच्यातला एक जण भावासोबत बसलो. नाकाला ऑक्सिजन लावून आम्ही मध्यरात्री बारालाचा ओलांडला. वळणावळणावर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं आणि मी दर पाच मिनिटांनी त्याला त्याच्या मुलीचं नाव विचारत होतो. दोनदा त्याला ते सांगता आलं नाही.

पहाटे दारचाच्या जवळ, ३३०० मीटरच्या आसपास उतरल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "माझी गाडी कोण आणतंय?" त्या प्रश्नाने मला जेवढा धीर आला, तेवढा आयुष्यात क्वचित आला असेल. केलाँगच्या रुग्णालयात दुपारपर्यंत तो उठून बसला आणि त्याने चहा मागितला.

तो बोलला का नाही

संध्याकाळी त्याने सांगितलं, की सरचूच्या वाटेवरच्या झिंगझिंगबारपासूनच त्याचं डोकं ठणकत होतं. भरतपूरच्या ढाब्यावर त्याने मॅगीची बशी तशीच सरकवली होती. ते मी पाहिलं होतं आणि प्रवासाने भूक मेली असेल असं समजलो होतो. "बोलला का नाहीस?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, सगळ्यांची रजा होती. माझ्यामुळे वाया गेली असती."

हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. ग्रुपमध्ये सगळ्यांत धोक्याचा असतो तो गप्प बसलेल्या माणसाचा समजूतदारपणा. आणि तो गप्प बसतो, कारण आपण नियोजनात थांबायला जागाच ठेवलेली नसते. ज्या तक्त्यात एक दिवस चुकला की पुढचं सगळं कोसळतं, त्यात "मला बरं वाटत नाही" हे वाक्य फार महाग पडतं. ते स्वस्त करणं, हेच नियोजनाचं पहिलं काम.

आधी उंची, मग अंतर

तक्त्यातला पहिला रकाना मुक्कामाच्या उंचीचा ठेवा. लेहला प्रथमच जात असाल तर श्रीनगरकडून जा. श्रीनगर १५८५ मीटर, सोनमर्ग २७०० च्या आसपास. मग ३५०० मीटरचा झोजी ला ओलांडून द्रासमार्गे पुन्हा २७०० वरच्या कारगिलला मुक्काम. पुढे फोतू ला ४१०८ मीटर आहे, पण तिथे झोपायचं नसतं. लामायुरू आणि लेह दोन्ही साधारण ३५०० वर. म्हणजे दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणं या रस्त्यावर आपोआप होतं. कारगिलनंतरची उडी मोठी आहे, म्हणून लेहमध्ये दोन दिवस खारदुंग लाचं नावही काढू नका. परतताना मनालीकडून आलात तर तोवर शरीर तयार झालेलं असतं. मनालीकडूनच चढायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला किमान दोन रात्री काढा.

राखीव दिवस

दहा दिवसांच्या प्रवासात दोन दिवस कोरे ठेवा आणि त्यांवर चक्क "राखीव" असं लिहा. परतीचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढा. तेवढी रजा मिळत नसेल तर पँगाँग वगळा, पण राखीव दिवसांना हात लावू नका. सामायिक वर्गणीतून एक रक्कम वेगळी बाजूला ठेवा, ऐनवेळच्या जीपसाठी आणि उपचारासाठी. ती खर्च करताना कुणाची परवानगी लागू नये, हेही घरीच ठरवा. विमा काढताना दुचाकीवरचा आणि उंचावरचा प्रवास त्यात धरलाय का, ते वाचून घ्या.

संध्याकाळचा आकडा

रोज जेवणाआधी प्रत्येकाने एक आकडा सांगायचा. डोकं अजिबात दुखत नसेल तर शून्य, सहन होत नसेल तर दहा. त्यासोबत भूक, झोप आणि चक्कर यांबद्दल एकेक वाक्य. सगळ्यात तगड्या माणसाने सुरुवात करावी, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटत नाही. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी खाली निघायचं, रात्र असो की पाऊस. यावर तिथे चर्चा नको, कारण तिथे कुणाचंच डोकं धड चालत नसतं.

प्रत्येकाची जोडी घरीच ठरवा. एक परतला तर त्याच्यासोबत कोण आणि त्याची गाडी कोण आणणार, याची उत्तरं कागदावर हवीत. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. ती उंचीची सवय लवकर लावायला मदत करते, पण अवघड चढाईचा परवाना देत नाही. दारू लेहमधल्या विश्रांतीच्या दिवसांतही नको.

गाड्या, नाले, सॅक

शक्यतो एकाच मॉडेलच्या गाड्या न्या, म्हणजे क्लच केबल, ट्यूब, ब्रेक पॅड आणि चेन लिंकचा एक संच सगळ्यांना पुरतो. पंक्चर काढणं किमान दोघांना यायला हवं. मनालीच्या वाटेवर तांदीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" अशा अर्थाची पाटी असायची. टाकीचा हिशोब चढावरच्या सरासरीने करा, पुण्यातल्या नव्हे. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारी फुगतात, म्हणून पहाटे निघा आणि ते सकाळीच ओलांडा. सगळ्यांत सावकाश चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर, अनुभवी माणूस शेवटी. आरशात मागचा दिसेना की पुढच्याने थांबायचं.

सॅक पाठीवर घेऊन गाडी चालवू नका. दोनशे किलोमीटरमध्ये खांदे भरून येतात आणि पडलात तर तेच ओझं मानेवर येतं. ती आडवी, खाली आणि घट्ट बांधा. गाडीवरून उतरून चालायचंच असेल तर शाम खोऱ्यातली वाट धरा, लिकिर ते यांगथांग, हेमिस शुकपाचन आणि तेमिसगाम. रोज एखाद्या घरी मुक्काम मिळतो, त्यामुळे तंबू-स्टोव्ह न्यावा लागत नाही. आणि लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, निदान तिघांकडे पोस्टपेड हवं.

पुन्हा तीच वाट

दोन वर्षांनी आम्ही श्रीनगरकडून गेलो, यावेळी पाच जण. मावसभाऊ होता आणि तक्ताही त्यानेच केला होता. लामायुरूच्या संध्याकाळी आकडे सुरू झाले. एक. शून्य. दोन. माझी पाळी आली. माझं डोकं दुपारपासून ठणकत होतं आणि जेवणाच्या वासानेही नकोसं होत होतं. दुसऱ्या दिवशी लेह, तिथे गाड्या तपासायची वेळ ठरलेली. माझ्या ओठांवर "दोन" आलं होतं, अगदी आपोआप. दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलेल्या माझ्याही ओठांवर. तेव्हा कळलं, की तो त्या दिवशी गप्प का बसला होता.

मी म्हणालो, "सहा."

मावसभावाने काही विचारलं नाही. खिशातून तक्ता काढला, लेहच्या ओळीखाली बाण ओढला आणि आजच्या तारखेपुढच्या कोऱ्या चौकटीत माझं नाव लिहिलं. दुसरा सबंध दिवस आम्ही लामायुरूला काढला. बाकीचे गोंपा पाहून आले, मी अंगणात पडून राहिलो, पाणी पीत राहिलो. संध्याकाळी माझा आकडा एकवर आला. रजा कुणाचीच वाया गेली नाही, कारण तो दिवस पुण्यातूनच सोबत आणला होता.