बुडण्यासाठी बांधलेले जहाज

जहाजांच्या प्रतिकृती करणारे हौशी कारागीर जगात पुष्कळ आहेत. तयार झालेली प्रतिकृती ते काचेच्या पेटीत ठेवतात आणि तिच्यावर धूळही बसू देत नाहीत. पण महिनोन्‌महिने खपून केलेली युद्धनौका तळ्यात सोडायची, प्रतिपक्षाच्या नौकेने तिच्यावर पोलादी गोळ्या झाडायच्या आणि भोके पडून ती खरोखर बुडायची, असाही एक छंद आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात त्याची सुरुवात झाली. पुढे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही त्याचे गट निघाले.

नौका रेडिओ लहरींनी चालवतात. तिच्यातील लहान तोफा कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर सुमारे साडेचार मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या मोठ्या व्यासाच्या गोळ्या फेकतात. काठावरचे सर्व लोक डोळ्यांना जाड संरक्षक चष्मा लावून उभे असतात. बुडालेली नौका वर काढतात, वाळवतात आणि ठिगळे लावून पुन्हा झुंजीला आणतात.

मग अशी नौका बांधायची कशी? जाड पत्रा लावला की प्रश्न मिटला, असे तुम्ही म्हणाल. पण तसे करायला नियमाने बंदी आहे. नौकेला भोक पडलेच पाहिजे! म्हणून येथे कारागिराचे कौशल्य भोक टाळण्यात नसून, आत शिरलेल्या पाण्याला शिस्त लावण्यात आहे. हे कसे साधते ते पाहू या.

१४४ पट लहान

या खेळातील बहुतेक नौका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खऱ्या युद्धनौकांच्या १४४ पट लहान प्रतिकृती असतात. उदाहरणासाठी ‘ॲकिलीस’ ही क्रूझर घेऊ. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ॲडमिरल ग्राफ स्पी’ या जर्मन युद्धनौकेशी ती लढली. १९४८ मध्ये भारताने ती घेतली व तिचे नाव ‘दिल्ली’ झाले. १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिने भाग घेतला आणि १९७८ मध्ये ती भारतीय नौदलातून निवृत्त झाली.

ही नौका सुमारे १६९ मीटर लांब, १७ मीटर रुंद होती आणि पूर्ण भारासह तिचे वजन सुमारे ९,७०० टन होते. १४४ ने भागल्यास प्रतिकृतीची लांबी ११७ सेंटीमीटर आणि रुंदी ११.८ सेंटीमीटर येते. वजनाला मात्र १४४ ने भागून चालणार नाही. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणाऱ्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते, आणि पाण्याचे घनफळ लांबी, रुंदी व खोली या तिन्हींवर अवलंबून असते. म्हणून भागायचे ते १४४ च्या घनाने, म्हणजे २९,८५,९८४ ने. उत्तर येते सुमारे सव्वातीन किलोग्रॅम. एवढ्या वजनात लाकूड, मोटार, बॅटरी, वायूची बाटली, तोफा, रेडिओ आणि पंप हे सर्व बसवायचे! ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब का ठेवावा लागतो हे आता लक्षात येईल.

लाकडाची काया

जहाजाच्या मूळ तरंगणाऱ्या अंगाला इंग्रजीत ‘हल’ म्हणतात. आपण त्याला काया म्हणू. प्रसिद्ध जहाजांच्या फायबरग्लासच्या तयार काया मिळू शकतात. पण आपल्याला हवे ते कमी परिचित जहाज करायचे तर काया स्वतःच बांधावी लागते, आणि त्यासाठी लाकूड हा सोयीचा पदार्थ आहे.

प्रथम मूळ जहाजाचे नकाशे मिळवून त्याचे आडवे छेद १४४ पट लहान काढतात. प्रत्येक छेदाच्या आकाराची एक फासळी जलरोधक प्लायवूडमधून कातरतात. तळाला लांब कणा ठेवून त्याला खाचा पाडतात व त्यांत फासळ्या बसवतात. हे काम सपाट फळीवर, जहाज उलटे ठेवून करतात. त्यामुळे सर्व फासळ्या एका पातळीत राहतात आणि सांगाडा पिळवटत नाही. फासळ्यांची रुंदी आणि त्यांतील अंतर यांवर नियमांची बंधने असतात, कारण फासळ्या दाट लावल्या तर त्यांचीच भिंत होईल.

तळ भक्कम लाकडाचा चालतो. परंतु पाण्याच्या रेषेच्या वर आणि तिच्याखाली ठराविक खोलीपर्यंत, फासळ्यांवरचे आवरण बाल्सा लाकडाचे असावे लागते. बाल्सा हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील अतिशय हलके लाकूड आहे. त्याची घनता सागवानाच्या साधारण पाव पट असते. काही गटांत सर्व जहाजांना १/३२ इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा बाल्सा ठरवलेला आहे. काही ठिकाणी मूळ जहाजाच्या चिलखतानुसार जाडी बदलते. इतका पातळ बाल्सा धाग्याच्या दिशेने सहज चिरतो, म्हणून त्यावर पातळ कागद चिकटवतात. त्यामुळे गोळी लागली तरी लांब चीर न जाता लहानसे भोक पडते. आतील सर्व लाकडाला राळेचा किंवा रंगाचा लेप देतात. लाकूड पाणी प्याले तर जहाज युद्धाआधीच जड होईल.

एका भोकातून किती पाणी?

समजा, साडेचार मिलिमीटर व्यासाचे एक भोक पाण्याच्या पातळीखाली ३ सेंटीमीटरवर पडले. टोरिचेलीच्या नियमाने पाण्याचा वेग म्हणजे २ × गुरुत्वत्वरण × खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. २ × ९८० × ३ = ५,८८०, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ७७. म्हणजे पाणी सेकंदाला ७७ सेंटीमीटर वेगाने आत घुसते. भोकाचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस सेंटीमीटर आहे. भोकातून जाताना धार आकसते म्हणून गुणाकार ०.६ ने गुणावा लागतो. उत्तर सेकंदाला सुमारे ७.३ घन सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ४४० घन सेंटीमीटर.

अशी पाच भोके पडली तर मिनिटाला दोन लिटरांहून अधिक पाणी आत येईल. सव्वातीन किलोच्या नौकेला हे फार झाले. पाणी उपसण्यासाठी विजेचा पंप ठेवता येतो, पण त्याच्या बाहेर जाणाऱ्या छिद्राचा आकारही नियमाने मर्यादित असतो. शिवाय पंप जेथे आहे तेथे पाणी पोहोचले तरच तो उपसणार! नौका कलली आणि पाणी कोपऱ्यात साचले, तर पंप नुसती हवा ओढीत राहतो.

सावरणारे पाणी आणि पाडणारे पाणी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तरंगणारे जहाज थोडे कलले तरी पुन्हा सरळ का होते? कललेल्या बाजूला ते अधिक पाणी बाजूला सारते, म्हणून प्लावक बलाचा मध्य त्या बाजूला सरकतो. या नव्या मध्यातून उभी रेषा काढली तर ती जहाजाच्या मधल्या रेषेला ज्या बिंदूत छेदते, त्याला मेटासेंटर म्हणतात. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर जहाज सावरते. खाली असेल तर उलटते. म्हणून बॅटरीसारख्या जड वस्तू तळाशी ठेवतात आणि वरचे मनोरे हलक्या पत्रीचे करतात.

चौकोनी पेटीच्या बाबतीत, प्लावक बलाच्या मध्यापासून मेटासेंटरची उंची अशी काढतात: लांबी × रुंदीचा घन, भागिले १२, आणि पुन्हा भागिले बाजूला सारलेल्या पाण्याचे घनफळ.

गंमत अशी की जहाजाच्या आत मोकळे पाणी असेल तर तेही कललेल्या बाजूला धावते आणि जहाजाला आणखी कलवते. मेटासेंटर जणू खाली घसरतो. किती? त्याच सूत्राने! फक्त लांबी-रुंदी आतल्या पाण्याच्या पृष्ठभागाची घ्यायची. ज्या गणिताने बाहेरचे पाणी जहाजाला सावरते, त्याच गणिताने आतले पाणी त्याला पाडते.

आपल्या प्रतिकृतीत ६० सेंटीमीटर लांबीच्या भागात, भिंतीपासून भिंतीपर्यंत ११ सेंटीमीटर रुंद पाणी पसरले असे समजा. ६० × १३३१ भागिले १२ म्हणजे ६,६५५. त्याला ३,२५० ने भागले की सुमारे २ सेंटीमीटर. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या एक सेंटीमीटर वर होता असे धरले, तर नौका कलणारच. आता तळाच्या दोन्ही कडांना हलक्या लाकडाचे ठोकळे बसवून मध्ये ३ सेंटीमीटर रुंदीचे पन्हाळे ठेवा. तेच गणित ०.०४ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उत्तर देते. रुंदी पावणेचार पटीहून थोडी कमी झाली, पण तिचा घन होत असल्याने दुष्परिणाम ४९ पट घटला. शिवाय पन्हाळ्याच्या सर्वांत खोल जागी पंप बसवला की पाणी आपण होऊन त्याच्याकडे येते. पन्हाळे भरून वाहू लागले मात्र, की हे संरक्षण संपते; म्हणून पंपाला वेळेत उपसता आले पाहिजे.

मोठ्या जहाजांत हेच गणित माणसांच्या प्राणांवर बेतते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी वाहणारी बोट निघाली तेव्हा तिच्या नाळेकडचे दरवाजे उघडेच राहिले होते. मोटारींच्या विस्तीर्ण, आडभिंती नसलेल्या मजल्यावर पाणी शिरले, ते एका बाजूला धावले आणि बोट काही क्षणांत आडवी झाली. १९३ माणसे मृत्युमुखी पडली.

करून पाहा

तोफा आणि दाबाखालील वायू यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका. पाण्याचे गणित त्यांच्याशिवायही पडताळता येते. सुमारे २० सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर उंच असा पातळ प्लॅस्टिकचा डबा घ्या.

१. पिशवीत ३०० ग्रॅम वाळू बांधून डब्याच्या तळाशी सपाट पसरा. डबा टबात तरंगू द्या आणि बोटाने हलकेच कलवा. तो सरळ होतो.

२. वाळू काढून त्याऐवजी डब्यात ३०० मिलिलिटर पाणी ओता. वजन तेच आहे. आता डबा कसा वागतो ते पाहा.

३. डब्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने मेण लावलेल्या पुठ्ठ्याची भिंत सांधा आणि दोन्ही कप्प्यांत १५०-१५० मिलिलिटर पाणी भरा. डबा पुन्हा सावरू लागेल. रुंदी निम्मी म्हणजे घन एक-अष्टमांश, कप्पे दोन, म्हणून दुष्परिणाम पूर्वीच्या एक-चतुर्थांश.

४. शेवटी सर्व ३०० मिलिलिटर पाणी एकाच कप्प्यात ओता. मधली भिंत असूनही काय होते? नौका बांधणारे मधोमध भिंत न घालता मधोमध पन्हाळे का ठेवतात, याचे उत्तर तुम्हांला येथे मिळेल.

आणि एक उदाहरण सोडवा: ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका सुमारे २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद होती. तिच्या १४४ पट लहान प्रतिकृतीची लांबी-रुंदी काढा. तिच्या आत २४ सेंटीमीटर रुंद पाणी पसरू दिले आणि नंतर ४ सेंटीमीटरचे पन्हाळे ठेवले, तर दुष्परिणाम किती पट कमी होईल?