आधी श्वास, मग हात

‘दहा दिवसांत पोहायला शिका’ अशी पाटी लावून कमरेइतक्या पाण्यात नुसते हात फिरवायला लावणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो उगाच नाही. फ्रीस्टाइलचे हात काठावरच्या पालकांना दिसतात, मोबाइलवर टिपता येतात. श्वास सोडणे कुणाला दिसत नाही, म्हणून ते शिकवायचे राहते. नवशिक्या दमतो तो मुख्यतः श्वासामुळे. तो पाण्यात श्वास कोंडतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, जीव घुसमटतो. मग हवेसाठी मान वर काढतो आणि मान वर गेली की कंबर नि पाय खाली बसतात. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडायचे, हवा घेताना मान न उचलता अंगासकट कुशीवर वळायचे. हे अंगवळणी पडल्याशिवाय हातांचा धडा घेऊच नये.

गोव्यातल्या इब्रामपुरात यावर ठरलेले उत्तर मिळते: आमचे वाडवडील कळणा नदीत कुठल्या मास्तराकडे शिकले? पण जुन्या पद्धतीत पांगाऱ्याचा बिंडा किंवा सुक्या नारळांची जोडी अंगाला बांधत. म्हणजे तिथेही तरंगणे आधीच होते. पाण्यात ढकलले गेले आणि तरले, तेच बढाई मारायला उरले. बुडालेल्यांची साक्ष कोण काढणार? दुसरे म्हणणे असे की, चार हात मारता आले की मुलाला धीर येतो. मला तोच धीर घातक वाटतो. जलतरण तलावात पाणी स्थिर, कठडा हाताशी. नदीच्या कोंडीत पायाखालचा तळ एकाएकी सुटतो. पेडणे-डिचोलीत तिळारीचा कालवा जिथे काँक्रीटचा आहे, तिथे उतार निसरडा, धरायला काही नाही. हरमलच्या समुद्रात तरंगता आले म्हणून नदीत जमेलच असेही नाही; खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड, ते अंग जास्त उचलून धरते.

अमेरिकन रेड क्रॉसची किमान कसोटी बघा: डोक्यावर जाईल एवढ्या पाण्यात उतरणे, वर येऊन एक मिनिट तरंगणे किंवा हातपाय मारत डोके पाण्यावर ठेवणे, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणे, सुमारे 23 मीटर पोहून बाहेर येणे. कोणत्या शैलीत पोहायचे, याची तिथे अट नाही. पावसात नदीत उतरू नका, एकटे जाऊ नका, हे तर सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन की पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाला विचारा, तुमचा विद्यार्थी खोल पाण्यात उताणा एक मिनिट तरंगतो का. उत्तर देण्याऐवजी हसला, तर फी भरू नका.