चरबी : शरीराची बोलकी ठेव
तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास चालविला. त्या काळी अज्ञात असलेले एक सत्य आज सिद्ध आहे : चरबी ही केवळ ठेव नसून संप्रेरके स्रवणारी ग्रंथीही आहे. तिचे अॅडिपोनेक्टिन इन्सुलिनला साहाय्य करते. पोटातील चरबी वाढली की ते घटते, दाहकारक द्रव्ये वाढतात, पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि रक्तशर्करा चढते.

सडपातळ व्यक्तीही यातून सुटतेच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१ टक्के. म्हणून वजनासोबत कंबरही मोजावी. पुरुषांनी ती ९०, स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावी.