व्हॉट्सॲपवर घोड्याची पैज

प्रश्न : ओळखीचा एक बुकी महालक्ष्मीच्या शर्यतींवर व्हॉट्सॲप ग्रुपवरून पैजा घेतो. घोड्यांवरचा सट्टा कायदेशीर असतो ना?

उत्तर : अर्धेच खरे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले, पण बुकींना मोकळे रान दिले नाही. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातली सूट अगदी अरुंद आहे : पैज शर्यतीच्याच दिवशी, रेसकोर्सच्या राखीव आवारात किंवा शासनमान्य ठिकाणी, आणि परवानाधारक बुकीकडे किंवा टोटलायझरवर (पैजांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेवर) लावलेली हवी. तुमचा ग्रुप यात कुठे बसतो? शिवाय करार कायद्याच्या कलम ३०नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. जिंकलात आणि बुकीने हात वर केले, तर बसा बोंबलत! चॅट मात्र पोलिसांना आयता पुरावा. ग्रुपमधून आजच बाहेर पडा.