गाठ नसलेला लिम्फोमा

बाबांचा ताप रोज संध्याकाळी चढायचा. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, टीबी, सगळं तपासून झालं, काहीच निघेना. मानेत, काखेत, जांघेत गाठ नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ. ‘कॅन्सरसारखं काही नाही’ असं सांगितलं गेलं. एव्हाना चार पावलं चालताच बाबांना धाप लागत होती आणि बोलताना शब्द सापडत नव्हते.

मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. एलडीएच हा रक्तातला एन्झाइम दर वेळी वाढलेला होता. साधारण मर्यादा २५० च्या आसपास, बाबांचा हजाराच्या पुढे. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट मात्र उतरत होते. ते कागद घेऊन आम्ही रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांना संशय आला इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमाचा, म्हणजे बी-पेशींच्या एका कॅन्सरचा. फ्लेगर आणि टॅपायनर यांनी १९५९ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, पण तेव्हा तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा मानला गेला. लिम्फोमा म्हणून त्याची ओळख पटली ती पुढे, १९८० च्या दशकात. यातल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच साचतात, म्हणून बहुधा गाठ होत नाही. रक्त जिथे अडेल तिथलं लक्षण दिसतं: कुणाला मेंदूचं, कुणाला फुप्फुसाचं, कुणाला त्वचेचं.

बाबांच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला. मांडीवर आणि पोटावर एकही डाग नव्हता, तरी तिथल्या त्वचेचे तुकडे घेतले, तेही खालच्या चरबीच्या थरापर्यंत खोल. वरवरचा तुकडा घेतला तर या पेशी हुकतात. मॅरोतही त्या इतक्या विरळ असतात की साध्या स्लाइडवर नजरेतून सुटतात. बी-पेशींवरच्या सीडी२० या प्रथिनाचं स्टेनिंग केल्यावर सूक्ष्म वाहिन्यांच्या पोकळीत तपकिरी पेशींची रांग उमटली. निदान झालं, आर-चॉप ही केमोथेरपी सुरू झाली आणि ताप उतरला.

निदान होण्याआधी कुणीतरी स्टिरॉइड सुचवलं होतं. त्यानं ताप दबतो, पण या पेशीही काही काळ विरतात आणि बायोप्सी कोरी येऊ शकते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर थांबता येत नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच.

ताप हटत नाही, गाठ सापडत नाही आणि एलडीएच चढतोय, असं तुमच्या घरी घडत असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना गाठा. स्टिरॉइड सुरू होण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा, ‘बोन मॅरो आणि त्वचेची खोल बायोप्सी करायची का?’