धोंडीबाचा मोबाइल

धोंडीबा पारावर आला. खिशातला मोबाइल काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, हे यंत्र मला नको. दहा वर्सं कानाला लावलं. आता गालात फोड आलाय. महिना झाला, बरा होत न्हाई. लोक म्हणतात, फोनच्या लहरींनी कॅन्सर होतो."

मी म्हणालो, "बैस. रेडिओ ज्या लहरींवर चालतो, त्याच जातीच्या लहरी फोनच्या असतात. त्यांनी अंगाला किंचित ऊब लागते. क्ष-किरणांचे बळ त्यांच्यात नाही."

"मग लोक उगाच भितात व्हय?"

"अगदी उगाच नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितले की, या लहरींनी कर्करोग होणे शक्य आहे. पण पुरावा थोडा होता. पुढे ब्रिटनमध्ये साडेसात लाखांहून जास्त बायकांची अनेक वर्षे पाहणी झाली. फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायकांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण सारखेच निघाले. २०२४ साली जगभरचे अभ्यास एकत्र तपासले. दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांतही मेंदूचा कर्करोग वाढलेला दिसला नाही."

धोंडीबाला हायसे वाटले. त्याने डबी काढली. तंबाखूला चुना लावून मळला. चिमूट तोंडाकडे नेली, तोच मी हात धरला.

"फोड कोणत्या गालात आहे?"

"डाव्या."

"आणि तंबाखू कोणत्या गालात धरतोस?"

धोंडीबा गप्प झाला.

"अरे, तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. यात शंका नाही. तू फोन टाकायला निघालास आणि डबी जपून ठेवलीस!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फोडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस धोंडीबाच्या घरी कुणाला घास गोड लागला नाही. मग उत्तर आले. कर्करोग झालेला नव्हता, पण त्याच्या वाटेवरची खूण होती. "वेळेवर आलात. आता तंबाखू बंद," डॉक्टर म्हणाले.

धोंडीबाने डबी उकिरड्यावर फेकली. मोबाइल ठेवला. दवाखान्याची तारीख विचारायला तो लागतोच!

ध्यानात ठेवा :

तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

गाडी चालवताना फोनवर बोलू नका. त्याने अपघात होतात.

रात्री फोन पाहत जागू नका. झोप मोडते.

सांगा पाहू : धोंडीबाला भय कशाचे होते? खरा धोका कशात होता?