रूट कॅनाल : ठणका थांबला, उपचार नव्हे

पहिल्या भेटीत ठणका थांबला की अनेक रुग्ण पुन्हा येत नाहीत, याची आम्हांस चिंता वाटते. कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचली की नस सुजते. ती मृत झाल्यावर वेदना शमते. जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी वाढत राहतो. मृत मज्जेत रक्तप्रवाह नसल्याने केवळ प्रतिजैविकांनी तो जात नाही. म्हणून जागा बधिर करून मुळांतील नलिका (दाढेत बहुधा ३ किंवा ४) स्वच्छ करून गटापर्चाने भरतात. त्यानंतर दाढेवर कॅप बसविणे अगत्याचे असते; अन्यथा चावताना ती दुभंगण्याचा संभव असतो. खर्चाची अडचण असल्यास उपचार अर्धवट न सोडता कुटुंबीयांनी आम्हांस अवश्य भेटावे. देणगीदारांचे साहाय्य कॅपपर्यंतच्या संपूर्ण उपचारास लाभावे, ही नम्र विनंती.